कारवाई झाली, सुधारणा कधी?

३१ जानेवारी २०२१. कोरोना लसीकरणाच्या शुभारंभामुळे दोन आठवडे पुढे गेलेली पल्स पोलिओ मोहीम त्या रविवारी देशभर राबवली जात होती. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसी-कोपरी या गावीही लेकरांना घेऊन आयाबाया आल्या होत्या. तिथे पाच वर्षांखालील १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब टाकले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सगळी वाचली. दुसऱ्या दिवशी ही बातमी देशभर गाजली, परदेशी वाहिन्यांनीही दाखवली. तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि विषय संपला.

विषय खरेच संपला का? हात स्वच्छ करण्याचे द्रव्य आणि लहान मुलांच्या तोंडात टाकायचे औषध एकाच टेबलावर, हाताशी हात लागेल इतके जवळ कसे आले? बूथवर बसणाऱ्यांना आदल्या दिवशी प्रशिक्षण किती मिळाले होते? कोरोनाच्या दहा महिन्यांत त्यांनी किती दिवस सुट्टी घेतली होती? थेंब टाकण्यापूर्वी बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचायचे, अशी सवय कोणी लावली होती का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या घटनेनंतर शेजारच्या तालुक्यातील, शेजारच्या जिल्ह्यातील बूथवर नेमके काय बदलले? निलंबनाच्या आदेशाने यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आदेशात दोषी कोण हे लिहिलेले असते. दोष कुठे आहे हे लिहिलेले नसते.

दरवर्षी १७ सप्टेंबरला जगभर रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तो सुरू केला. आपल्याकडे त्या दिवशी मोठ्या रुग्णालयांत फलक लागतात, शपथ घेतली जाते, छायाचित्रे काढली जातात. परंतु गावातल्या उपकेंद्रापर्यंत, शहरातल्या झोपडपट्टीतल्या दवाखान्यापर्यंत हा विषय पोहोचत नाही. रुग्णसुरक्षा म्हणजे ऑपरेशन थिएटर, आयसीयू, मोठी यंत्रे असा आपला समज आहे. साध्या तापाच्या गोळीत, लसीच्या बाटलीत, ड्रेसिंगच्या कापसात कसला आला आहे धोका, असे आपण धरून चालतो.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे वेगळे सांगतात. उपचार घेताना दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचारातूनच काही ना काही इजा होते आणि असुरक्षित उपचारांमुळे जगात दरवर्षी ३० लाखांहून अधिक माणसे मरतात. प्राथमिक आणि बाह्यरुग्ण सेवेत तर दहापैकी चार रुग्णांपर्यंत हे प्रमाण जाऊ शकते आणि यातली ८० टक्क्यांपर्यंत इजा टाळता येण्याजोगी असते. चुकीचे निदान, चुकीचे औषध, औषधाचे चुकीचे प्रमाण ही त्यामागची नेहमीची कारणे. म्हणजे ज्या ठिकाणी माणूस आयुष्यात सर्वांत जास्त वेळा जातो, त्याच ठिकाणच्या सुरक्षेची चर्चा आपण सर्वांत कमी करतो.

मापदंड नाहीत अशी आपली अडचण नाही. मापदंड आहेत, आणि ते चांगले आहेत. मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे, हे ठरलेले आहे. तिथे किती माणसे, कोणती औषधे, कोणती उपकरणे हवीत याचे भारतीय सार्वजनिक आरोग्य मानक २००७ मध्ये आले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये ते सुधारले गेले. त्याच्या जोडीला राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आली. २०१३ मध्ये जिल्हा रुग्णालयांसाठी आणि त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी. सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम अशा आठ विभागांत केंद्राची तपासणी होते. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के गुण लागतात. स्वच्छतेसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ पुरस्कार आहे. रुग्णसुरक्षेसाठी केंद्र सरकारने २०१८ ते २०२५ या काळाचा स्वतंत्र राष्ट्रीय आराखडाही केला होता.

या मानकांमुळे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राज्यातल्या अनेक आरोग्य केंद्रांचा चेहरामोहरा गेल्या दहा वर्षांत बदलला आहे. स्वच्छ प्रसूतिगृह, चालू अवस्थेतला नळ, कचऱ्याचे पिवळे, लाल, पांढरे, निळे डबे, भिंतीवर सेवांची यादी हे पूर्वी क्वचित दिसायचे. जिथे वैद्यकीय अधिकाऱ्याने मनावर घेतले, गावाने साथ दिली, तिथे आरोग्य केंद्र खासगी दवाखान्याच्या तोडीस तोड उभे राहिले आहे.

अडचण पुढे आहे. तपासणी पथक येणार म्हटले की रंगरंगोटी होते, नोंदवह्या पूर्ण होतात, शेजारच्या केंद्रातून एखादे यंत्र उसने आणले जाते, कर्मचाऱ्यांकडून उत्तरे पाठ करून घेतली जातात. पथक गेले की डबे पुन्हा एकाच पिशवीत रिकामे होतात. ही तक्रार आम्ही अनेक कर्मचाऱ्यांच्याच तोंडून ऐकली आहे. प्रमाणपत्र एका दिवसाच्या तपासणीवर मिळते. रुग्ण मात्र वर्षातले बाकीचे ३६४ दिवस येत असतो. रात्री दोन वाजता बाळंतीण येते तेव्हा भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा तिला काही उपयोग नसतो. त्या वेळी नर्स हजर आहे का, तिने हात धुतले का, रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन फ्रीजमध्ये योग्य तापमानात ठेवले होते का, रुग्णवाहिकेत डिझेल आहे का, यावर तिचा जीव अवलंबून असतो.

मानक कागदावर असून माणसे कशी मरतात, याचे सर्वांत भयानक उदाहरण छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्याने पाहिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या नसबंदी शिबिरात एका सर्जनने अवघ्या काही तासांत ८३ महिलांच्या शस्त्रक्रिया केल्या, त्याही वापरात नसलेल्या एका इमारतीत. एका पथकाने दिवसाला ३० पेक्षा जास्त शस्त्रक्रिया करू नयेत, असा केंद्र सरकारचा नियम तेव्हाही होता. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर १३ महिला दगावल्या. सगळ्या गरीब घरांतल्या, तरुण, मागे लहान लेकरे ठेवून गेलेल्या. सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. नियम तोडणारा सर्जन होता हे खरे. पण त्याच्या मागे आकडा पूर्ण करण्याचा दबाव टाकणारी यंत्रणा होती. उद्दिष्ट गाठले की शाबासकी आणि सुरक्षिततेसाठी थांबले की कारणे दाखवा नोटीस, असा हिशेब असेल तर कोणताही मापदंड टिकणार नाही.

या सगळ्याची किंमत कोण मोजतो? ज्याच्याकडे पैसा आहे तो सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा मालेगाव-भिवंडीचा कामगार, गोवंडीतली जरीकाम करणारी बाई, ऊसतोडीला गेलेले बीडचे कुटुंब, मेळघाटातली आदिवासी आई यांच्यासाठी जवळचा सरकारी दवाखाना हाच पहिला आणि बहुधा शेवटचा आधार असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार मोफत केले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण मोफत उपचार आणि सुरक्षित उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुकट मिळते आहे म्हणून विचारायचे नाही, ही भावना गरिबाच्या मनातून जायला हवी. तो उपचार त्याच्याच करातून होतो. काडेपेटीपासून मोबाइल रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीत तो कर भरत असतो.

दुसरी किंमत विश्वासाची आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवर पसरला. सर्वाधिक झळ गोवंडीच्या वस्त्यांना बसली, मालेगाव-भिवंडीतही रुग्ण सापडले आणि बालकांचे जीव गेले. कोरोनाच्या काळात लसीकरण मागे पडले होते. दाटीवाटीची घरे, कुपोषण ही कारणे होतीच. पण ‘लस दिली की पोर तापते’, ‘त्या मोहल्ल्यात सुईने पोराचा पाय सुजला’ अशा कुजबुजीनेही अनेक आया मागे राहिल्या. अशा कुजबुजीला अंधश्रद्धा, अडाणीपणा म्हणून हिणवणे सोपे आहे. आपल्या वस्त्यांत लसीविरुद्ध अफवा पसरवणाऱ्यांना आम्ही नेहमीच विरोध केला आहे आणि करत राहू. पण विश्वास नुसत्या आवाहनाने येत नाही हेही मान्य करायला हवे. लस दिल्यावर आईला अर्धा तास थांबायला सांगितले, कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचे, पुढची तारीख कोणती, कार्ड सांभाळून कसे ठेवायचे हे तिला समजेल अशा भाषेत सांगितले, तर ती दुसऱ्या वेळी आपणहून येते. हे नियमातच आहे. एका ठिकाणची एक चूक दडवली गेली की तिची अफवा दहा वस्त्यांत पोहोचते. ती उघडपणे मान्य केली, मुलावर उपचार केले, घरी जाऊन विचारपूस केली, तर अफवेला जागाच उरत नाही.

इथे आपल्याला स्वतःकडेही पाहावे लागेल. डॉक्टरने सुई टोचली नाही, सलाइन लावली नाही तर तो डॉक्टर कसला, हे आपणच म्हणतो. साध्या सर्दीला ‘स्ट्राँग’ गोळी द्या, असा आग्रह आपणच धरतो. या मागणीवर गल्लोगल्ली बोगस डॉक्टर पोसले जातात. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ येथे २०१८ च्या सुरुवातीला असेच उघड झाले. सायकलवर फिरून स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्या एका भोंदूने एकच सुई वारंवार वापरल्याचा आरोप झाला आणि तपासणीत अनेक गावकऱ्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे दिसले. दहा रुपयांची सुई केवढ्याला पडली! जिथे गोळीने भागते तिथे सुई नको, हे आपल्या घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगणे हेसुद्धा रुग्णसुरक्षेचेच काम आहे.

मग चूक झाली तर शिक्षा करायचीच नाही का? तसे आमचे म्हणणे नाही. दारू पिऊन कामावर येणारा, पैशांसाठी बाळंतिणीला अडवून धरणारा, ड्यूटीच्या वेळी खासगी दवाखाना चालवणारा, यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण थकलेल्या हाताने, अपुऱ्या प्रकाशात, सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांत गफलत करणाऱ्या नर्सचा गुन्हा आणि यांचा गुन्हा एका तागडीत तोलता येणार नाही. एका एएनएमकडे उपकेंद्राची हजारोंची लोकसंख्या, लसीकरण, प्रसूतिपूर्व तपासणी, साथरोग सर्वेक्षण आणि त्यावर डझनभर नोंदवह्या आणि मोबाइल अ‍ॅप. आशा तर सरकारच्या लेखी कर्मचारीही नाही, ती ‘स्वयंसेविका’. मोबदल्यासाठी २०२३-२४ च्या हिवाळ्यात राज्यातल्या आशांना आठवडेच्या आठवडे संप करावा लागला. जी माणसे यंत्रणेच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभी आहेत, पाणी नेहमी त्यांच्याच अंगावरून वाहते. वरच्या पायरीवर रिक्त पदे भरली नाहीत, औषधे वेळेवर पाठवली नाहीत, वीज गेल्यावर लसीच्या फ्रीजसाठी सोय केली नाही, म्हणून कोणी निलंबित झाल्याचे क्वचितच ऐकू येते.

आणि शिक्षेच्या भीतीने आणखी एक घात होतो. चुका लपवल्या जातात. ज्या केंद्रातून वर्षभरात एकाही चुकीची नोंद येत नाही, ते केंद्र निर्दोष आहे असे समजू नये. तिथे बोलायची भीती आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. चुकीचे औषध देता देता नर्सच्या लक्षात आले आणि तिने हात आवरला, तर ही गोष्ट तिने दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मोकळेपणाने सांगावी, सगळ्यांनी मिळून ती बाटली दुसऱ्या कप्प्यात ठेवावी, असे वातावरण हवे. यवतमाळसारखी घटना घडण्यापूर्वी कुठल्या तरी बूथवर, कुणाच्या तरी हातून, थोडक्यात टळलेली अशीच चूक झाली असेल. ती कोणी सांगितली असती आणि कोणी ऐकून घेतली असती तर?

नोंद ठेवून, चुकांतून शिकून लहान दवाखान्यातही केवढे मोठे काम उभे राहते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचूदंशाने मुले पटापट मरत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून प्रत्येकाची लक्षणे टिपून ठेवली. कोणत्या औषधाने काय झाले, हे तपासले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध उपयोगी पडते, हे त्यातून सिद्ध झाले. सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे हीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. दोन्हीकडे महागडी यंत्रे नव्हती. काटेकोर नोंदी, नियमित देखरेख आणि सर्वांत खालच्या कार्यकर्तीवर विश्वास एवढेच भांडवल होते. गुणवत्ता म्हणजे याहून वेगळे काय असते?

सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक गंभीर घटनेची चौकशी फक्त दोषी शोधण्यापुरती न राहता कारणे शोधण्यासाठी व्हावी, आणि तिचा निष्कर्ष, कुणाचे नाव न घेता, राज्यातल्या सर्व आरोग्य केंद्रांना कळवावा. आधी न सांगता तपासण्या व्हाव्यात, त्यात रात्रीची वेळही असावी. तपासणी पथकात गावातली माणसे, विशेषतः नुकत्याच बाळंत झालेल्या महिला असाव्यात. रिक्त पदांचा हिशेब प्रत्येक केंद्राच्या दारात लिहावा. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे आणि त्यासाठी २०२५ चे लक्ष्य ठरवले होते. ते वर्ष आले आणि गेले. पैसा न देता गुणवत्ता मागणे म्हणजे पीठ न देता भाकरी मागणे.

आणि वाचकहो, काही काम आपलेही आहे. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला खर्चासाठी दरवर्षी निधी येतो. आरोग्य केंद्राच्या पातळीवर रुग्ण कल्याण समिती आणि जन आरोग्य समिती असते. आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्या पुढाऱ्याची सही घेऊन बैठक कागदावर उरकते, त्याच्या जागी विचारणारी माणसे बसवणे आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग पाच जिल्ह्यांत सुरू झाला. गावकऱ्यांनी स्वतः आरोग्य केंद्रांना गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले आणि बंद पडलेल्या सेवा सुरू करून घेतल्या. भांडण न करता, नोंदी हातात घेऊन प्रश्न विचारला की उत्तर द्यावे लागते, हा त्यातला धडा.

दवाखान्यात गेल्यावर चार गोष्टी कोणीही पाहू शकतो. तपासण्यापूर्वी हात धुतले का? सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडले का? औषध कशासाठी आहे, केव्हा घ्यायचे, हे सांगितले का? आणि पोलिओच्या बाटलीवर एक खूण असते, गोलात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तरच ती लस वापरायची. ही खूण निरक्षर आईलाही दाखवता येते आणि तिने एकदा पाहिली की ती आयुष्यभर विसरत नाही. आपल्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या पोलिओ रविवारी बूथवर जाऊन आयांना एवढे जरी दाखवले, तरी पुष्कळ झाले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेली रुग्णांच्या १७ हक्कांची सनद आपल्या दवाखान्यात लावली आहे का तेही पाहा. नसेल तर मागा. मराठीत मागा, जिथे उर्दू वाचणारे आहेत तिथे उर्दूतही मागा. ज्या भाषेत हक्क वाचता येत नाही तो हक्क मिळालाच नाही असे समजा.

हे विचारताना आवाज चढवू नका. डॉक्टरांवर हात उगारणे, नर्सला शिवीगाळ करणे याने सुरक्षा वाढत नाही. उरलेसुरले डॉक्टरही गाव सोडून जातात. नर्सताईंना सांगा, की ताई, तुमच्या दवाखान्यात काय कमी आहे ते आम्हाला सांगा, आम्ही तुमच्या बाजूने वर विचारतो. असे विचारणारी माणसे भेटली तर तीही मोकळेपणाने बोलेल.

कापसी-कोपरीच्या त्या १२ मुलांपैकी बहुतेक जण आता शाळेत जात असतील. त्यांना तो दिवस आठवणारही नाही. आपण मात्र तो विसरता कामा नये. ती मुले वाचली हे आपले नशीब. पुढच्या बारा मुलांना नशिबावर सोडायचे का, एवढेच ठरवायचे आहे.